तीन अर्ध्या गोधड्या आणि आईच्या साड्यांची पेटी

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आई गेल्यावर तिच्या साड्यांची पेटी त्यांच्याकडे आली. त्यातून गोधड्या शिवायच्या म्हणून दोन वर्षांत तीन सुरू केल्या, एकही पुरी झाली नाही, आणि आता चौथीचा नमुना बघून हात शिवशिवताहेत. वस्तीतल्या सात-आठ जणी महिन्यातून एका रविवारी एकमेकींच्या गोधड्या बघायला जमतात. त्यांनी बोलावलंय, पण टाके वाकडे येतात म्हणून दाखवायची लाज वाटते. नवी सुरू करू की जुन्या पुऱ्या करू, आणि दाखवायची तर कशी, असं त्या विचारतात.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिन्ही गोधड्यांचे रंग तुम्ही लिहिले, नमुने लिहिले, आईची कुठली साडी कुठे गेली तेही लिहिलं. पण कुठली गोधडी कुणाच्या अंगावर जाणार, हे एकदाही आलं नाही. माझ्या मते तिन्ही अडल्या त्या इथेच.

आमच्या सासूबाई घरातल्या कुणीही गोधडी मांडायला घेतली की आधी विचारायच्या, "कोनासाठी शिवून राह्यली वं?" उत्तर आलं नाही तर कापडाची घडी परत पेटीत ठेवायला लावायच्या. नवी नवरी होते तेव्हा मला ते जाचक वाटायचं. आता पस्तीस वर्षं गोधड्या शिवून झाल्यावर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मीही पहिला हाच प्रश्न विचारते, कारण माणूस ठरला की निम्म्या गोष्टी तिथेच ठरतात. तान्ह्या बाळासाठी असेल तर 36 इंच लांब-रुंद दुपटं पुरतं. ते सारखं धुवायला पडणार, म्हणून त्यात जरीचं काम नको, टिकल्या नकोत, आत सुटा कापूसही नको. होस्टेलवरच्या पोराची गोधडी मशीनमध्येच धुतली जाणार, तिला शिलाईही मशीनचीच द्या आणि रंग मळखाऊ घ्या. म्हाताऱ्या माणसाची हलकी हवी. सुती साडी साधारण अर्ध्या किलोची असते. पाच साड्या घातल्या की अडीच किलो झाले, आणि रात्री कूस बदलताना एवढं ओझं ओढणं थकल्या हातांना जमत नाही. माझ्या वडिलांसाठी मी अशीच एक शिवली होती, सहा थरांची, फार जीव लावून. ते ती पायथ्याशी घडी घालून ठेवायचे आणि पातळ चादर पांघरायचे. विचारलं तर म्हणायचे, "खराब होईल म्हणून जपतो." खरं कारण मला पुढच्या थंडीत कळलं. मग तीन थरांची दुसरी शिवली, ती त्यांनी शेवटपर्यंत वापरली.

म्हणून नवी की जुनी, याचं माझं उत्तर असं: तीनपैकी जिचं काम सर्वांत कमी उरलंय ती हातात घ्या आणि तिला आजच माणूस द्या. सोबत एक लहान दुपटं नवं सुरू करा, तेही कुणासाठी ते ठरवूनच. हाताला दोन तऱ्हेचं काम लागतं. कापणं आणि जोडणं डोकं ताजं असताना होतं, टाके संध्याकाळी गप्पा मारताही घालता येतात. नुसती जुनीच घेऊन बसलात तर पंधरा दिवसांत कंटाळा येईल. उरलेल्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि प्रत्येकीत चिठ्ठी टाका: शिवण किती घेतली होती, दोऱ्याचा नंबर कोणता, अजून कुठली साडी लागायची आहे. आठ महिन्यांनी पिशवी उघडल्यावर दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शिवण घेतली होती की तीन, हे कुणालाच आठवत नाही. दोरा मात्र एकाच वेळी पुरा घेऊन ठेवा. त्याच रंगाचं रीळ पुढच्या वर्षी आणलं तर छटा सहसा वेगळी निघते.

आता पेटी. साड्या काढा आणि सुती, रेशमी, बाकीच्या असे तीन ढीग करा. सुती कोणती याची शंका आली तर काठाजवळचा एक दोरा उपसून चिमट्यात धरा आणि मेणबत्तीवर न्या, शेजारी वाटीभर पाणी ठेवून. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिएस्टर गोधडीत घालू नका, मग ती साडी आईची कितीही आवडती असो. घाम शोषत नाही, आणि सुती कापडाला लागते तेवढी गरम इस्त्री फिरली की चिकटते. अशा साडीची उशीची खोळ करा, पिशवी करा.

सुती साडी धड आहे की विरली, हे दुरून कळत नाही. ती खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरा. जिथे विणीतून उजेड फुटतो ती जागा गेली. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी टेकवून कापड दोन्हीकडे ताणा, एकदा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि एकदा बाण्याच्या, म्हणजे आडव्या. ताठ राहिलं तर वरच्या थराला चालेल. बारीक ‘चर्र’ ऐकू आलं तर ते वर घालू नका, मधल्या थराला ठेवा, तिथे त्याच्यावर घासणं येत नाही. साडी फॉलच्या कडेला आणि बसण्याच्या जागी आधी विरते. पदर, पिनेची भोकं सोडली तर, आणि आत खोचलेलं टोक बहुधा शाबूत असतं. माझ्या आजीच्या एका गोधडीची कड उसवली तेव्हा आत नागपूरच्या एम्प्रेस मिलची जुनी चादर निघाली होती. वरची लुगडी विटली, फाटली, दोनदा बदलली, आतलं ते मिलचं कापड मात्र तसंच होतं.

रंग तपासल्याशिवाय कात्री लावू नका. लाल, मरून, गर्द निळा आणि काळा हे चार बेभरवशाचे. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या सुती चिंधीवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर रंग उतरला की ते कापड गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नाहीच थांबला तर त्याला गोधडीबाहेर ठेवायचं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात, पण सुटणारा रंग मिठाने बसत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात दिलेल्या गोधडीत मी दुकानातून आणलेलं लाल खणाचं कापड घातलं होतं, "पक्का रंग" म्हणून घेतलेलं, आणि शेजारी सगळी पांढरी खादी. पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी झालं. ती पोरगी रडवेली होऊन फोन करत होती. एक शहाणपण तिने केलं, गोधडी वाळू दिली नाही. ओलीच माझ्याकडे आणली. मोठ्या टपात कढत पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, त्यात रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी पाणी बदललं, पुन्हा बुडवली. चौथ्या पाण्याला खादी जवळपास पांढरी झाली. एकदा वाळली असती, इस्त्री झाली असती, तर काही उपाय चालला नसता.

मापाचं गणित कागदावर करून घ्या. मोठ्या माणसाला 60 बाय 84 इंच चांगली होते. तिच्या पाठीला साडेपाच मीटरची एक साडी पुरते: 88 इंचाचे दोन तुकडे कापून लांबीत जोडायचे. साडीचा पन्हा 45 इंच धरला तर जोडून 89 इंच रुंदी येते, हवी तर कमी करा. हे दोन तुकडे साडेचार मीटरमध्ये निघतात, आणि उरलेल्या मीटरभरात कडेची पट्टी. अडीच इंचाच्या सात पट्ट्या पुरतात.

वरच्या बाजूला 6 इंचाचे चौकोन लावले तर आडवे 10, उभे 14, म्हणजे 140 चौकोन, आणि प्रत्येक चौकोन साडेसहा इंचाचा कापायचा, कारण चारही बाजूंना दोन-दोन सूत शिवणीत जातात. सुतारांचं हे माप मला फार आवडतं, इंचात आठ सूत. शिवण दोन सुतांऐवजी अडीच सूत गेली तर फरक डोळ्याला दिसतही नाही. पण एका चौकोनामागे दोन्ही बाजू मिळून एक सूत जातं, दहा चौकोनांत दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. एका ओळीत असं झालं, दुसरीत नाही, की ओळी एकमेकींना मिळत नाहीत, आपण ओढून-ताणून जोडतो आणि गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही. तुमची दुसरी गोधडी "कुठेतरी फुगते" असं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा हेच. मशीनच्या पाट्यावर सुईपासून मोजून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला लावून चालवा. आधी दोन चिंध्या जोडून फूटपट्टीने मोजा, मगच खऱ्या तुकड्यांना हात लावा.

त्रिकोणांची घाई करू नका. चौकोन तिरका कापला की टेलर ज्याला क्रॉस म्हणतात ती कड तयार होते, जुन्या बाया उरेब म्हणायच्या. ती हाताच्या उबेनेही ताणली जाते. दोन रंगांचा चौकोन हवा असेल तर हव्या मापापेक्षा सात सूत मोठे दोन चौकोन घ्या, सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कर्णाची रेघ आखा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर टीप मारा आणि मग रेघेवर कापा. दोन तयार चौकोन निघतात आणि तिरकी कड हातात येण्याआधीच शिवली गेलेली असते. आपल्या टसर रेशमाच्या करवती साडीच्या काठावर जे दाते असतात ते गोधडीच्या चारही कडांना याच युक्तीने आणता येतात. तुमच्या आईच्या पेटीत करवती असेल तर ती कापू नका. तिचा काठ समोर ठेवून सुती कापडात ते दाते उतरवा. टसर आणि सूत धुतल्यावर सारखं आटत नाही.

नागपूरकरांसाठी कामाचा क्रम ऋतूंनी लावून दिलाय असं मी मानते. एप्रिल-मेमध्ये सगळी कापडं धुऊन घ्यायची. पारा 45 च्या पुढे असतो तेव्हा साडी अर्ध्या तासात वाळते. पण वाळत घालायची सावलीत, आपल्याकडचं ऊन रंग खातं. याच दिवसांत सकाळी सहा ते नऊ कापायचं, कुलर लावायच्या आधी. कुलरच्या हवेने कापलेले तुकडे उडतात आणि दमट होऊन मापाला चुकतात. पावसाळ्यात मशीनवर जोडकाम करायचं आणि ओलसर कापड पेटीत कधीही बंद करायचं नाही. थर लावून टाके घालायचं काम दसऱ्यानंतर. मांडीवर तीन थर घेऊन मे महिन्यात बसणं म्हणजे शिक्षा आहे, आणि अर्ध्या गोधड्या अर्ध्या राहण्याचं हेही एक मोठं कारण असतं. दिवाळीनंतर तेच ओझं उबदार वाटतं.

टाक्यांचा हिशेब करून बघा, धीर येतो. एका इंचावर एक ओळ धरली तर 60 ओळी, प्रत्येक 84 इंच. म्हणजे 128 मीटर. दोरा दुहेरी आणि थोडा टाक्यात मुरतो, म्हणून 300 मीटर धरा. मला एका ओळीला पंचवीस मिनिटं लागतात, तुम्हाला चाळीस लागतील. रोज एकच ओळ घातली तर दोन महिन्यांत गोधडी होते. दसऱ्याला पहिली ओळ पडली तर मुंबईचं सरकार अधिवेशनाला नागपुरात येतं आणि थंडीचा कडाका सुरू होतो, तेव्हा ती कुणाच्यातरी अंगावर असते.

आत काय घालायचं हे टाक्यांवर अवलंबून आहे, तेव्हा ते आधी ठरवा. पिंजून घेतलेला सुटा कापूस घातलात तर टाक्यांच्या ओळी दोन-तीन इंचांपेक्षा लांब ठेवता येत नाहीत, धुतल्यावर कापूस गोळा होतो. दुकानात मिळणारं सुती वॅडिंग दाबून एकजीव केलेलं असतं, त्याला जरा मोकळी शिलाई चालते. माझं मत विचाराल तर आपल्याकडे मध्ये जुनी सुती चादर किंवा धुऊन-धुऊन मऊ झालेलं धोतर पुरे, डिसेंबर-जानेवारीसाठी फ्लॅनेल. कापसाच्या मुलखात राहून मी हे म्हणते याचं काही जणींना नवल वाटतं. पण कापसाच्या लेपाला वर्षातून दीड महिना काम असतं आणि उरलेले साडेदहा महिने त्याला कसरीपासून सांभाळावं लागतं.

थर टाचण्यात हयगय करू नका. पाठीचं कापड सुलट बाजू खाली करून फरशीवर पसरा, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा. ताठ असू द्या, पण ओढलेलं नको. त्यावर मधला थर, त्यावर वरचा, प्रत्येक वेळी तळहाताने मधून कडेकडे सपाट करत. मग पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके, मधून सुरू करून कडेकडे, चार-चार बोटांच्या अंतरावर. हे काम दुपारभर चालतं आणि कंबर धरते. दोघी असल्या तर निम्म्या वेळात होतं, म्हणून ते तुमच्या त्या रविवारच्या बैठकीतच करायला हरकत नाही.

आणि तुमचे वाकडे टाके. दोरा हातभर घ्या, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दुहेरी लावायचा असेल तर दोन हात कापून दुमडा. लांब दोरा घेतला की गाठी पडतात, ओढून-ओढून विरतो आणि ओळ आखडते. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. ओळ आखायला अंगाच्या साबणाची वाळलेली चीप घ्या, धुतल्यावर खूण राहत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, डावा हात गोधडीच्या खाली. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की लगेच वर आणा. ते बोटाला लागलंच नाही तर टाका पाठीपर्यंत पोचला नाही असं समजा. असे चार टाके सुईवर जमू द्या, मग सुई ओढा. एक-एक टाका ओढणाऱ्या बाईची ओळ कधीच सरळ येत नाही, कारण प्रत्येक ओढीला हात नव्याने बसतो. चार टाके एकदम सुईवर असले की सुईच पट्टीसारखी सरळ राहते आणि टाके तिच्यामागे येतात. इंचाला पाच टाके पुरेत. पहिल्या तीन-चार ओळी तरी वाकड्याच येतील. उसवू नका. दहाव्या ओळीला हात बसलेला असतो, आणि गोधडीवर ते शिकणं दिसतं.

आईची साडी कापायला हात होत नाही असंही तुम्ही लिहिलंय. ते मला समजतं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीत मिसूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. शेतात घालून विटलेले, गुडघ्यावर रंग उडालेले कपडे, तसेच. त्या वस्तीतल्या बायांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि लोक थक्क झाले. शिवताना मात्र त्या भिंतीसाठी नव्हत्या, थंडीसाठी होत्या. बंगालातल्या बाया कांथा शिवायच्या तेव्हा रंगीत दोरा विकत आणत नसत, जुन्या साडीच्या काठातून उपसून काढत. मीही आईच्या एका लुगड्याचं तेच केलं. कापड पार गेलं होतं, वापरण्यासारखा चौकोनही निघत नव्हता. काठातले हिरवे दोरे काढले आणि त्यांनी माझ्या मुलीच्या गोधडीच्या मधल्या चौकोनाची एक ओळ घातली. तुम्ही पहिला काप आतल्या, खोचायच्या टोकाला द्या. ते टोक नेसल्यावर कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे हात कमी कापतो. पदराचा वीतभर तुकडा अखंड राखून ठेवा, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

दाखवण्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे बायका फार अडतात. गोधडी बघणारी बाई, जर ती स्वतः शिवत असेल तर, आधी कोपरा उलटते. वरचा नमुना ती क्षणभर बघेल आणि हात पाठीकडे जाईल. तो जाऊ द्या. मी पहिल्यांदा अशा बैठकीला गेले तेव्हा गोधडी घडी करून मांडीवरच धरून बसले होते. शेजारच्या आजींनी न विचारता कोपरा उलटला, टाक्यांवरून तळहात फिरवत नेला आणि एका जागी थांबल्या. "इथं दोरा आखडला बाई. लाईन गेली होती का?" खरंच गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात मी हट्टाने दोन ओळी घातल्या होत्या. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, उलट कुणीतरी माझं काम वाचलं असं वाटलं. मग त्यांनी आखडलेली ओळ न उसवता कशी सोडवायची ते दाखवलं: सुईच्या मागच्या टोकाने एकेक टाका किंचित वर उचलायचा, दोऱ्याची ढील एका टाक्यातून पुढच्यात सरकवत न्यायची. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

म्हणून पुरी झाल्यावरच दाखवीन असं ठरवू नका. पुरी झालेल्या गोधडीत कुणी चूक दाखवली तर फक्त वाईट वाटतं. अर्धी असताना दाखवली तर सुधारता येते. आणि एकदा सात-आठ जणींनी बघितली की पुढच्या महिन्यात कुणीतरी विचारतंच, "त्या निळ्या गोधडीचं काय झालं?" एकटीने शिवणाऱ्या बाईला हे विचारणारं कुणी नसतं. माझ्या ओळखीत जितक्या अडलेल्या गोधड्या सुटल्या, त्यातल्या बहुतेक अशा विचारण्याने सुटल्या.

दाखवताना उलगडण्याआधीच आपल्या चुका सांगायची सवय मोडा. "हे इथे बिघडलंय, तिकडे बघू नका" म्हटलं की सगळ्यांची नजर तिकडेच जाते आणि बाकीची गोधडी कुणी बघत नाही. त्याऐवजी कुणासाठी आहे ते सांगा, कुठली कापडं आहेत ते सांगा, आणि एक नेमका प्रश्न विचारा. "कशी झालीय?" याला "छान" एवढंच उत्तर येतं. "हा गर्द रंग मधे जास्त झाला का?" याला खरं उत्तर येतं. बघणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: नजर कुठे थांबली ते सांगा, टाका कुठे सुटलाय ते बोट ठेवून दाखवा, आणि आवडलं ते का आवडलं ते बोला. कुणाचा नमुना घरी जाऊन शिवायचा असेल तर विचारून घ्या. चौकोन-त्रिकोणांवर कुणाचा हक्क नाही, पण एखादीने आपल्या अंगणातल्या रांगोळीवरून स्वतः आखलेलं असेल तर तिला विचारलं म्हणजे ती मापंही देते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बाया त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे तिकडच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला लागल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंदी पुरी होत नाही. तुमच्या गोधडीचा शेवटही असाच ठरवून ठेवा. तो राखून ठेवलेला पदराचा तुकडा पाठीच्या खालच्या कोपऱ्यात लावा आणि त्यावर धावदोऱ्याने लिहा: कुणी शिवली, कुणासाठी, साल, नागपूर, आणि "आईची साडी". शाईने लिहिलेलं धुण्यात जातं, दोऱ्याने लिहिलेलं राहतं. घरात कितीतरी जुन्या गोधड्या असतात आणि त्या कुणी शिवल्या हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

दूरच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला फोटो पाठवायचा असेल तर सकाळी आठच्या आत काढा. तिरक्या उजेडात टाक्यांच्या सावल्या पडतात आणि प्रत्येक ओळ उठून दिसते. दुपारच्या उन्हात गोधडी चादरीसारखी सपाट दिसते. एक पूर्ण गोधडीचा, एक वीतभर जागेचा जवळून, एक पाठीचा. हाच फोटो मोबाईलमध्ये काळा-पांढरा करून बघितला तर गर्द आणि फिके रंग नीट विखुरलेत की एकीकडे गोळा झालेत तेही समजतं. ही तपासणी तुकडे शिवण्याआधी, जमिनीवर मांडलेले असतानाच करायची.

बैठकीत गोधड्या आधी, खाणं नंतर. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण तर्री-पोह्यांच्या तेलाचा पडत नाही.

येत्या रविवारी निळी घेऊन जा, अर्धी आहे तशीच. तुमच्या वर्णनावरून तिचंच काम सर्वांत कमी उरलंय असं दिसतं. जाण्याआधी ती कुणाची ते ठरवा, कुणीतरी विचारेलच. सुई त्यातच राहू द्या, म्हणजे तिथे बसल्या-बसल्या एखादी ओळ होईल. पण तिचं टोक कापडात दोनदा खुपसून ठेवा, ऑटोत मांडीवर घेतली की टोचते.